झाडेबाईंचे डबे

झाडेबाईंनी कुणाचे आभार मानलेले मी कधी ऐकले नाहीत. नाचणगावच्या शाळेत आम्ही सोळा वर्षं बरोबर नोकरी केली. त्यातली पुष्कळ वर्षं दर शनिवारी मी त्यांना लोकांच्या दारातून धान्य घेताना पाहिलं, पण आभाराचा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. डबा पिशवीत उपडा करायच्या, बुडाला दोन टिचक्या मारायच्या, झाकण लावून परत द्यायच्या आणि म्हणायच्या, "शनिवारी येते." एखादी बाई काही गोड ऐकायच्या आशेनं उंबऱ्यात रेंगाळलीच, तर म्हणायच्या, "मले थोडंच देऊन राह्यली तू? माह्या हातून जाते फक्त."

बाई उंच होत्या, हाडापेरानं मजबूत. नवरा रेल्वेत होता, तो लग्नानंतर सहाव्या वर्षी गेला. मूलबाळ नव्हतं. याबद्दल त्या स्वतः बोलत नसत आणि दुसरं कुणी बोलू लागलं की पाणी मागत. पाणी हा त्यांचा हुकमी उपाय. कुणाच्याही घरी गेल्या की आधी तांब्याभर पाणी मागायचं, ते सगळं संपवायचं, आणि तेवढ्या वेळात घरातली भांडणं, दुखणी, पोरांचे अभ्यास, सगळं नजरेखालून घालायचं. उन्हाळ्यात दहा घरी पाणी पिऊन अकराव्या घरी त्या पुन्हा तांब्या रिकामा करत. मी एकदा म्हटलं, "बाई, एवढं पाणी जातं कुठं?" तर म्हणाल्या, "गणिताच्या मास्तरानं असे प्रश्न विचारू नये."

त्या चौथीला शिकवत, त्यामुळे अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं होतं. नावं त्या विसरत, पण कोण कुठल्या बाकावर बसायचा हे कधी विसरल्या नाहीत. ग्रामपंचायतीचा सदस्य झालेला, पांढरा सदरा घालून फिरणारा माणूस दिसला की म्हणत, "तू खिडकीजवळचा. तुझे जोडाक्षराचे वांधे होते." लग्नाची पत्रिका आली की त्या तिच्यातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून देणाऱ्याच्याच हातात परत देत आणि वर लग्नाला जात. लोक रागावत, पण बोलावत. मी त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान, स्वभावानं कुरकुऱ्या आणि लोक काय म्हणतील याला भिणारा. आमचं जमायचं काही कारण नव्हतं, पण स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती आणि त्यांच्या डब्यातली आंबाडीची भाजी चांगली असायची.

आता ते डबे. आमच्या भागात आश्रमाकडच्या, खादी-सूतकताईच्या वळणाची काही घरं होती. त्यांच्यात एक जुनी चाल होती. स्वयंपाकासाठी धान्य काढलं की घरातल्या सगळ्यात लहान मुलानं त्यातलं मूठभर एका वेगळ्या डब्यात टाकायचं. तो डबा घराचा नाही, गरजवंताचा. मोठ्यांनी त्यात हात घालायचा नाही, टाकायलाही नाही आणि काढायलाही नाही. माझ्या वेळेपर्यंत ही चाल जवळजवळ बुडाली होती. बाईंनी ती पुन्हा उकरून काढली, नाचणगावात आणि पुलगावच्या चार-पाच गल्ल्यांत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या निघत. खांद्याला जुन्या गणवेशांच्या कापडाची शिवलेली पिशवी, तिला आतून चार कप्पे, ज्वारी, गहू, तांदूळ आणि डाळ यांचे वेगवेगळे. लहान पोरं काय, भान ठेवतात थोडीच, कधी डब्यात शेंगदाणे निघत, कधी गोट्या. गोट्या बाई पुढच्या शनिवारी आठवणीनं परत करत.

हे सगळं कुणासाठी, ते सांगायचं तर गजूपासून सांगायला हवं.

गजानन हा बापूराव सुतारांचा एकुलता एक मुलगा. बाईंच्या वर्गात होता तेव्हा, म्हणजे नव्वदीच्या सुरुवातीला, मी नुकताच नोकरीला लागलो होतो. पोरगं हुशार, अक्षर वळणदार, बोलणं हळू. चालणं मात्र लचकत. पोरं हसायची, मागून नक्कल करायची. बाईंना वाटलं, अक्षर सुधारता येतं तर चालही सुधारता येईल. त्यांनी व्हरांड्यात खडूनं लांब रेघ ओढली आणि मधल्या सुट्टीत गजूला तिच्यावरून चालायला लावलं. हात बाजूला, मान वर, पोरासारखा चाल. दोन-अडीच महिने हे चाललं. त्यांनी त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही, उलट चांगला चालला की पेपरमिंटची गोळी द्यायच्या. मी स्टाफरूमच्या दारातून ते पाहत असे आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. बापूराव येऊन बाईंचे आभार मानून गेले.

त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी बाई कसल्याशा प्रशिक्षणासाठी वर्ध्याला निघाल्या होत्या. पुलगाव स्टेशनवर गाडीची वाट पाहत असताना समोरच्या बाकावरचा एक मुलगा त्यांना पाहून उठला आणि फलाटाच्या टोकाकडे चालायला लागला. हात बाजूला, मान वर. दुसऱ्या दिवशी मला हे सांगताना बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला होता. "तोंड नाही ओळखलं मी त्याचं, सर. त्यानं मला पाहिलं आणि तो माझ्या रेघेवरून चालायला लागला. त्याच्यावरून ओळखलं."

बाप-लेकात काय घडलं ते गावाला माहीत होतं. पुलगावातल्या एका मुलाला गजूनं लिहिलेली पत्रं बापूरावांच्या हाती लागली होती. गजूची आई तो सहावीत असताना वारली, घरात दोघंच. बापूरावांनी आरडाओरडा केला नाही. मुलाचे कपडे एका पिशवीत भरले, पिशवी दाराबाहेर ठेवली आणि दार लावून घेतलं. आठ दिवस गजू स्टेशनवर होता, मिळेल ते खात होता, न मिळेल तेव्हा नळाचं पाणी पीत होता. बाईंनी त्या दिवशी गाडी सोडून दिली आणि त्याला घरी आणलं. प्रशिक्षण बुडालं म्हणून त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. तिच्या उत्तरात त्यांनी लिहिलं, "आधीचं प्रशिक्षण चुकीचं दिलं गेल्यामुळे." हेडसरांनी ते दोनदा वाचलं आणि अर्थ न कळता पुढे पाठवून दिलं.

एक पोर आलं की त्याच्या मागून दुसरी येतात. रेल्वेलाईनवर अशा गोष्टी कशा पसरतात देव जाणे. तळेगावहून सुनीता आली, श्यामजी पंताच्या तळेगावहून. तिचा आणि तिच्या मैत्रिणीचा एकत्र राहायचा बेत घरात कळला. मैत्रिणीचं लग्न पंधरा दिवसांत उरकलं, हिला कोठीच्या खोलीत कोंडलं. खिडकीचा गज काढून ती पळाली. मग हिंगणघाटची रोशनी, घरच्यांनी जिचं नाव रोशन ठेवलं होतं, आणि साडी नेसली म्हणून भावानं जिचं डोकं फोडलं होतं. काही पोरं चार दिवस राहून नागपूरला निघून जात, काही टिकत. बाईंच्या घरात मावेनात, तेव्हा त्यांनी गंगूबाई नावाच्या म्हातारीच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. गजू दुकानांच्या पाट्या रंगवायचा, सुनीता ब्लाउज शिवायची, पण पाच-सहा तरणी पोटं आणि भाडं एवढ्यावर भागत नव्हतं. बाईंचा पगारही पुरेना. म्हणून डबे.

आमच्याकडे तेव्हा या पोरांसाठी धड शब्द नव्हता. होत्या त्या शिव्याच होत्या. एकदा वर्तमानपत्रात "समलिंगी" असा शब्द बाईंना सापडला. त्यांनी तो स्टाफरूममध्ये धडा वाचावा तसा स्पष्ट, दोन वेळा वाचला. हेडसरांना चहाचा ठसका लागला. बाई म्हणाल्या, "घ्या, छापलेला आहे. म्हणजे शब्द चांगला असावा." पण दारोदार जाताना त्या हा शब्द वापरत नव्हत्या. तिथं त्या एवढंच सांगत, "घर नसलेली पोरं आहेत." कुणी खोदून विचारलं, कोणाची पोरं, तर म्हणत, "आपलीच." यात खोटं काही नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं, आणि बाईंसारख्या बाईनं अर्धं वाक्य दारात ठेवून पुढं जावं हे मला तेव्हाही थोडं खटकायचं. मी बोललो नाही, कारण मला ते सोयीचं होतं. आमच्या घरीही डबा होता. माझी धाकटी चार वर्षांची, तिच्या मुठीतून निम्मे तांदूळ खाली सांडायचे.

पुलगावला एक धान्याचे व्यापारी होते, मोहनलालजी. डब्यांतलं जास्तीचं धान्य बाई त्यांना विकत आणि त्यातून भाडं भरत. एकदा त्यांनी बाईंना गादीवर बसवून घेतलं. मी बरोबर होतो. म्हणाले, "बाई, हे मूठ-मूठ कायले जमा करून राह्यल्या? आमच्याकडे धरमखात्याचा पैसा पडला आहे. वर्षभराचं राशन देतो. फक्त बाहेर एक पाटी लावा, अनाथ बालकाश्रम. आमच्या पिताजींचं नाव लिहा. धरम का पैसा है, काही नाव तर द्यावं लागते न."

"अनाथ नाहीत ती," बाई म्हणाल्या.

"मग काय आहेत?"

"त्यांचे आईबाप जिवंत आहेत, शेठजी. तीच तर अडचण आहे."

मोहनलालजी हसले, मग हसायचे थांबले. बाईंनी पाणी मागितलं, तांब्या संपवला आणि उठल्या. बाहेर आल्यावर मी चिडून म्हणालो की एक पाटी लावली असती तर काय बिघडलं असतं, वर्षाची ददात मिटली असती. त्या म्हणाल्या, "पाटी गजूलाच रंगवायला लावली असती मी. त्यानं रंगवलीही असती, मुकाट्यानं, चांगल्या अक्षरात."

हे असं कधीतरी उघड होणारच होतं. झालं ते सुनीताच्या तोंडून. ब्लाउजाचं माप द्यायला आलेल्या बायकांपैकी एकीनं सहज विचारलं, "काऊन वो, लगन नाई केलं तू अजून?" सुनीता टीप मारत होती. मान वर न करता म्हणाली, "माह्यं मन मैत्रिणीवर होतं. तिचं लगन करून देलं घरच्यायनं." बस, एवढंच. पण ते दुसऱ्या दिवशी नळावर होतं आणि तिसऱ्या दिवशी पुलगावला पोचलं. लोकांना एकदम सगळं दिसलं, गजू, रोशनी, ती दोन खोल्यांतली पोरं. आणि आपल्या घरातलं सगळ्यात लहान लेकरू रोज मूठ कुणासाठी टाकत होतं, तेही दिसलं.

सोमवारी सकाळी शाळेच्या ओट्यावर डबे होते. तुपाचे, बिस्किटांचे, दुधाच्या भुकटीचे, काही घासून ठेवलेले, काही तसेच. कुणी फेकले नव्हते, हे गावाला धरून झालं, ओळीनं मांडून ठेवले होते. त्यातला एक आमचा होता. त्यावर माझ्या मुलीनं पोपटाचं चित्र चिकटवलेलं होतं. तो मी स्वतः नेऊन ठेवला होता, सकाळी लवकर जाऊन, कुणी पाहायच्या आत. घरात बायको म्हणाली होती, लोक नावं ठेवतील, आणि मी तिच्याशी वाद घातला नाही. मला वाद घालायचाच नव्हता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

बाई आल्या, छत्री टेकवून उभ्या राहिल्या आणि एकेक डबा उघडून पाहू लागल्या. पोपटाचा डबा त्यांनी हातात घेतला, आत पाहिलं आणि मला हाक मारली. "सर, यात मूठभर तांदूळ राहिलेत. पोरीची मूठ आहे. ती तेवढी ठेवून घेऊ का?" आवाजात टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. मी मान हलवली आणि वर्गात गेलो. त्या दिवशी मी पाढे शिकवले की अपूर्णांक, काही आठवत नाही.

हेडसरांनी बाईंना बोलावून समजावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बाई, काही दिवस जाऊ द्या. लोक विसरतात. झाकली मूठ सव्वा लाखाची."

बाई म्हणाल्या, "झाकल्या मुठीतून दाणा पडत नाही, सर."

तिकडे गंगूबाईवर गावातल्या चार माणसांनी दडपण आणलं होतं. म्हातारी सरळ होती. तिनं बाईंना सांगितलं, "मले त्या पोट्ट्यायचा काई तरास नाई. पण दिवाळीलोक भाडं थकलं त मी लोकायले काय म्हनून तोंड देऊ? भाडं येत राह्यलं त माह्यं घर, माह्यी मर्जी." म्हणजे हिशेब साधा होता. दिवाळीपर्यंत डबे परत घराघरात गेले तर खोल्या राहतील, नाही तर पोरं पुन्हा स्टेशनवर.

त्या शनिवारी बाई निघाल्या त्या डबे घेऊन. एका पोत्यात डबे भरले, पोतं गजूच्या सायकलवर लादलं आणि एकट्या, सायकल हातानं ढकलत, पहिल्या घरापासून सुरुवात केली. गजूला त्यांनी येऊ दिलं नाही. तो रडवेला झाला होता, म्हणत होता, मीच निघून जातो, मग डबे परत येतील. बाईंनी त्याला पाट्यांची उरलेली कामं मोजून दिली आणि दार ओढून घेतलं.

मी तिसऱ्या शनिवारी गेलो. शरमेनं गेलो, दुसरं काही कारण नव्हतं. सायकल मी धरली. बाईंनी ना "या" म्हटलं, ना "इतके दिवस कुठं होतात" विचारलं. प्रत्येक दारात त्या तेच बोलत होत्या, आणि या वेळी पाणी मागत नव्हत्या.

"चूक झाली माझी," त्या सुरुवात करत. समोरची बाई सैलावायची, की चला, बाईंनी चूक कबूल केली. मग बाई पुढं बोलत. "तुमच्या लेकराच्या मुठीतलं मी घेतलं आणि कोणासाठी घेतलं ते पूर्ण सांगितलं नाही. आता सांगते." आणि त्या सांगत. घरातून काढलेली पोरं आहेत. पोराचं पोरावर मन आहे, पोरीचं पोरीवर, एकीला देवानं पोराचं शरीर दिलं आणि जीव पोरीचा दिला. चोरी नाही केली, खून नाही केला. यातला एक माझ्या वर्गात होता. त्याची चाल मी सुधारायला निघाले होते. खडूनं रेघ ओढून दोन-अडीच महिने त्याला सगळ्यांसमोर चालवला. त्याच्या चालण्यात काही वाकडं नव्हतं. माझी रेघ वाकडी होती. "आता हे ऐकून द्यायचं तर द्या, नसेल द्यायचं तर नका देऊ. पण न सांगता मी आता घेणार नाही."

हे त्या आभाळाकडे पाहून म्हणत नसत, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून म्हणत. रेघेची गोष्ट सांगताना आवाज दर वेळी खाली जायचा, दहाव्या घरीही आणि तिसाव्या घरीही. मला वाटलं होतं, सांगून सांगून गुळगुळीत होईल. झाली नाही. मी सायकल धरून मागं उभा असायचो आणि नजर हँडलवरून उचलत नसे, कारण त्या व्हरांड्यात मीही उभा होतो आणि माझं नाव त्या घेत नव्हत्या.

दारं लागली. एकानं कुत्रं सोडलं, ते कुत्रं बाईंना ओळखत होतं म्हणून निभावलं. खिडकीजवळचा तो पांढऱ्या सदऱ्याचा सदस्य म्हणाला, "बाई, तुम्ही आमच्या गुरू, पण हे गावात नाई चालत." बाई म्हणाल्या, "चालत नाही म्हणून तर दारोदार न्यावं लागून राह्यलं." त्या दिवशी चार घरांनी डबे ठेवून घेतले. चारही घरी निर्णय बायकांनी घेतला, आणि त्यातल्या एकीनं नवऱ्यादेखत म्हटलं, "लेकरू म्हनलं की लेकरू. मी काई पोट चिरून पाहत नाई त्यायचं." संध्याकाळी घरी जाताना मी पोत्यातून पोपटाचा डबा काढून घेतला. बायकोनं तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि ओट्यावर जुन्या जागी ठेवला.

दिवाळीपर्यंत पस्तीसेक डबे परत गेले. पहिल्याच्या निम्मेही नव्हते, पण मोहनलालजींनी, का कुणास ठाऊक, धान्याला दुकानातला पूर्ण भाव द्यायला सुरुवात केली. पाटीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. भाडं गेलं, खोल्या राहिल्या. मला वाटलं, आता बाई समाधानानं बसतील. बसणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं, आणि त्यांचं एक दार अजून बाकी होतं.

बापूराव सुतारांच्या दारात बाई पहिल्या शनिवारपासून जात होत्या, डबे सुरू झाले तेव्हापासून. त्यांच्यापासून काही लपवायचं नव्हतंच, त्यांना सगळं माहीत होतं. बाई डबा खिडकीत ठेवत आणि दर वेळी एकच वाक्य म्हणत, "बापूराव, घरात घ्या म्हनत नाई. मूठभर द्या." बापूराव रंधा मारत असत. वर पाहत नसत, थांबतही नसत. पुढच्या शनिवारी डबा बाहेर रस्त्याच्या कडेला ठेवलेला असे, रिकामा. बाई तो उचलून पुन्हा खिडकीत ठेवत. पाऊस असो, ऊन असो, हे चुकलं नाही. मी एकदा म्हणालो, "बाई, या माणसाकडून काही मिळायचं नाही, तुम्ही दगडावर डोकं आपटून राहिला." त्या म्हणाल्या, "बाकी घरचं धान्य गजू खातो, सर. पण बापाच्या घरचा एक दाणा त्याच्या ताटात यावा, एवढं मला पाहिजे. मी त्याला त्या घरातून काढायला हातभार लावला आहे." गजूला त्यांनी हे कधी सांगितलं नाही. उगीच आस लागेल म्हणून.

अशी सात वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या. गुडघे गेले, चाल मंदावली, आता मला त्यांच्यासाठी थांबावं लागायचं. गजू खोल्यांचा कारभार पाहू लागला होता, नवीन येणाऱ्या पोरांना तोच स्टेशनवरून घेऊन यायचा. माझी बदली हिंगणघाटला झाली. पुढच्या वर्षी बाई गेल्याचं पत्र मला तिथंच मिळालं, दोन दिवस उशिरा, गजूच्या अक्षरातलं. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बदलीच्या आधीच्या शनिवारी.

ऊन तापायला लागलं होतं. पिशवी माझ्या खांद्यावर होती, भरत आलेली. बापूरावांच्या घरातून रंध्याचा आवाज येत नव्हता. ते दारातच बसले होते, खूप वाळलेले दिसले. बाईंनी डबा खिडकीत ठेवायला हात उचलला तेव्हा ते म्हणाले, "थांबा." सात वर्षांतला तो पहिला शब्द. उठून आत गेले. आम्ही उन्हात उभे राहिलो, बाईंनी माझा दंड धरला होता. ते बाहेर आले तेव्हा हातात फडक्यात बांधलेली पुरचुंडी होती, मूठभर नव्हती, चांगली अर्ध्या किलोची असेल. मी पिशवीचा डाळीचा कप्पा उघडून पुढं केला. त्यांनी हात मागं घेतला.

"त्यात नका टाकू, मास्तर. ते तूर आहे. हा मूग आहे. येगळा ठेवजा."

"काऊन?" बाईंनी विचारलं.

"तूर सोसत नाई त्याले. पोटात दुखते. त्याची माय गेल्यापासून मी मुगाचंच वरन करत होतो."

बाईंनी पुरचुंडी दोन्ही हातांत घेतली. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, "सात वर्षं तूरच खाऊ घालून राह्यलो आम्ही त्याले. बोलला नाई तो कधी."

बापूराव चौकटीला धरून उभे होते.

"बोलत नसतेच तो," ते म्हणाले.